तिसऱ्या वाटेवरचे अर्ज

मित्रांनो, मी एक जुना फाटा आहे. मला शोधायला रस्त्यावर जाऊ नका, सापडणार नाही. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्यात काउंटरवर कॉम्प्युटर आहे, त्यातल्या प्रोग्रामच्या पोटात मी राहतो. आलेला प्रत्येक अर्ज माझ्यापाशी क्षणभर थांबतो आणि मी त्याला वाट दाखवतो. काम एवढंच, पण माझा तोरा काय विचारता!

माझा जन्म पाय घडवणाऱ्या मिस्त्रीकाकांच्या टेबलापाशी झाला. प्रोग्रामर मुलगी तीन दिवस प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीत स्टूल टाकून बसली आणि काका सांगतील तसं मला लिहीत गेली. गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप एक सेंटीमीटरच्या आत बदललं असेल, तर अर्ज दुरुस्तीला. त्याहून जास्त बदललं, तर नव्या पायाला. मापाच्या रकान्यात आकडाच नसेल तर काय, असं तिने विचारलं. काकांनी हातातली कानस खाली ठेवली.

"आकडा नसेल तिथे माणूस बघेल. माझ्याकडे पाठव."

अशी मला तिसरी वाट फुटली आणि तिच्या टोकाला काकांचं नाव लागलं.

काय दिवस होते ते! लोक मापाच्या रकान्यात काहीही लिहीत. 'पाय चावतो.' 'मागच्यासारखाच द्या.' मी ते काकांकडे धाडायचो आणि काका चष्मा कपाळावर चढवून फोन लावायचे. ज्यांना मोजता येत नसे त्यांना म्हणायचे, एक दोरी घ्या, पायाएवढी कापा आणि पाकिटात घालून पाठवा. कारखान्याचे साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला कॉम्प्युटर दाखवत आणि अर्ज एका मिनिटात मार्गी लागतो म्हणून सांगत. मी आतल्या आत फुगायचो.

मग काका निवृत्त झाले. हार झाला, भाषणं झाली, सगळ्यांचे डोळे पाणावले. माझ्यातलं त्यांचं नाव मात्र कोणी बदललं नाही. त्यांची कॉम्प्युटरवरची पत्रपेटीही चालूच राहिली, फक्त ती उघडणारं कोणी नव्हतं. ती बंद असती तर अर्ज परत तरी आले असते! आता ते जात, पेटीत पडत, आणि अर्जदाराला आपोआप उत्तर जाई: 'आपला अर्ज तपासणीत आहे. बोलावल्याशिवाय येऊ नये.' साहेबांच्या पडद्यावर सगळं हिरवंगार.

अशातच एका आईचा अर्ज आला. 'मापाची पट्टी कुठून कुठवर धरायची कळत नाही. मुलगी तेरा वर्षांची आहे, भराभर उंच झाली. पाय आखूड पडतो.' आकडा नाही. मी तिसऱ्या वाटेला लावला.

दोन महिन्यांनी तीच आई. 'टाचेखाली जुन्या चपलेचा तुकडा बांधला आहे. चालताना कंबर एका बाजूला जाते.' आकडा नाही.

पुन्हा तीच. 'शाळेच्या जिन्यावर पडली. आता शाळेत जायचं नाही म्हणते.'

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड कुठे आहे? जर आणि तर, एवढीच माझी भाषा. चौथ्यांदा तिने मापाच्या रकान्यात फक्त विचारलं, 'कोणी वाचतंय का?' मी वाचत होतो हो! वाचून तो प्रश्नही त्याच रिकाम्या खोलीत ढकलत होतो, कारण तो आकडा नव्हता.

शेवटी, न बोलावता, मायलेकी दोन बस बदलून आल्या. काउंटरवरच्या ताईंनी पडदा बघून ठरलेलं उत्तर दिलं.

"तपासणीत आहे म्हणजे कोणाच्या हातात आहे?" आईने विचारलं.

"सिस्टीममध्ये आहे."

"सिस्टीम कुठे बसते?" मुलगी म्हणाली. "तिलाच दाखवते पाय."

ताई हसल्या, मग हसता हसता थांबल्या. त्यांनी मला उघडलं. तिसऱ्या वाटेच्या टोकाशी नाव बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं बाई, काकांना निवृत्त होऊन तर आठ महिने झाले."

पेटीत सदतीस अर्ज होते. ताईंनी काउंटर बंद केला आणि एकेकाला फोन लावत सुटल्या. काहींनी उचललेच नाहीत. एका आजोबांच्या सुनेने सांगितलं, आता पाय नको, ते खाटेवरच असतात. ताईंनी त्या अर्जावर तसं लिहिलं आणि पुढचा नंबर लावला.

मुलीचं माप घेतलं. चार सेंटीमीटरचा फरक! तीन आठवड्यांत नवा पाय मिळाला, पण व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, कंबरेला वाकडं चालायची सवय लागली आहे, ती मोडायला वर्ष जाईल. तिचं शाळेचं वर्षही गेलं.

मला दुरुस्त करायला नवा प्रोग्रामर आला. तो म्हणाला, सोपं आहे, रकान्यात आकड्याशिवाय काही लिहिताच येणार नाही असं करू, मग तिसरी वाट लागणारच नाही.

ताई म्हणाल्या, "आणि ज्याला मोजता येत नाही त्याने काय करायचं? माझं नाव टाक तिथे."

गेली दोन वर्षं तिथे ताईंचं नाव आहे. पण मित्रांनो, सोमवारपासून त्या बाळंतपणाच्या रजेवर जात आहेत, सहा महिने. आज त्या तिसऱ्यांदा साहेबांकडे गेल्या आणि "माझ्या जागी कोण?" असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "बघू."

माझ्या चौकटीत 'बघू' बसत नाही. तिथे नाव लागतं. आज शुक्रवार आहे, चार वाजलेत, आणि आत्ताच एक अर्ज माझ्यापाशी येऊन थांबला आहे. रकान्यात लिहिलंय, 'बाबांना उभं राहता येत नाही, कसं मोजू?' मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही माझ्यासारखे कितीतरी फाटे बनवाल. खुशाल बनवा. पण शेवटच्या वाटेवर एक जितंजागतं माणूस बसवा, आणि ते उठून जाताना त्या जागी दुसरं बसलंय ना, हे स्वतः जाऊन बघा. मला कोणाला हाक मारता येत नाही.