पासष्टावं घर

नालवाडीत महादेवराव कापडवाल्यांच्या अंगणात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पांढरी चादर, तिच्यावर बुद्धिबळासारखी घरं आखलेला पांढरा चौकोनी पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यामागे अक्षयबाबा. पुठ्ठा अखंड नव्हता, चार तुकडे जोडून मांडलेला होता.

"गिनो भाई, खुद गिनो," बाबा म्हणाले. आठ रांगा, रांगेत आठ घरं. चौसष्ट.

बाबांनी मंत्र पुटपुटत तुकडे फिरवले आणि लांबट चौकोन जुळवला. "अब गिनो." पाच रांगा, रांगेत तेरा घरं. पासष्ट. बायांनी पदर पसरले.

"एक घर भगवानने दिया. जहाँ नापतोल, वहाँ बरकत नहीं."

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मला तिथं कुणी बसा म्हटलं नाही. बाबांपेक्षा मला महादेवरावांचाच जास्त राग आला. गिऱ्हाइकाला बोटभर कापड जास्त न देणारा माणूस, कापल्यावर कापड वाढलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तरी हात जोडून बसले होते. आठवड्यापूर्वी हाच खेळ दाखवून बाबांनी त्यांना सांगितलं होतं की तुमची सुधा घरात कंपास घेऊन बसते, म्हणून दुकान बसलं. येत्या सोमवारी तिचं नाव शाळेतून काढायचं ठरलं होतं. पोरगी मॅट्रिकला होती.

"बाई, चौसष्टचे पासष्ट होत असतील तर मी आजवर सोडवलेलं सगळं खोटंच नं?" असं तिनं मला वर्गात विचारलं होतं. मी म्हटलं, "रडू नको. चौकटीच्या कागदावर काढून पाहा." मधल्या सुट्टीत ती डबा न उघडता काढत बसली होती.

आता ती गर्दीतून पुढं येऊन वडिलांना म्हणाली, "दादा, मले एकदा पाहू द्या."

"बस खाली," महादेवराव म्हणाले. "लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या त्याइले. तुम्ही दुकानात मोजता, त्याच्यानं बरकत जात नाई. मी मोजलं तर काऊन जाते?"

बाबा हसले. "देखने दो बच्ची को. भगवान से कौन जीता है?"

सुधानं पूजेच्या ताटातलं कुंकू मूठभर घेतलं, पुठ्ठ्यावर पसरलं, तळव्यानं चोळलं. मग तुकडे एकेक करून अलगद उचलले. चादरीवर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी लाल पट्टी उमटली होती. मधे जाड, टोकांना निमुळती.

"हे तुमचं पासष्टावं घर," ती म्हणाली. "ते जोडातली फट आहे. लांबच लांब पसरली, अन् पांढऱ्यावर पांढरी, म्हणून दिसत नाई. या त्रिकोणाची बाजू आठ घरं जाते तेव्हा तीन चढते. त्या तुकड्याची पाच जाते तेव्हा दोन. दोन्हीचा उतार येगळा, मंग त्याची सरळ रेघ होईन कशी?"

"कुंकू का अपमान," बाबा म्हणाले आणि तुकडे गोळा करू लागले.

महादेवराव वाकून त्या पट्टीकडे पाहत राहिले. मग त्यांनी दुकानातून काळ्या कापडाचा तागा आणून चादरीवर उलगडला. "महाराज, याच्यावर जुळवून दाखवा."

"मुहूर्त टल गया," बाबा म्हणाले. झोळी उचलून ते निघाले. त्यांना कुणी थांबवलं नाही, आणि त्यांच्या पायाही कुणी पडलं नाही.

"या फटीसाठी मी पोरीचे पुस्तकं बांधून ठेवले," सुधाची आई यशोदाबाई म्हणाल्या आणि गाठोडं सोडायला आत गेल्या.  सोमवारी महादेवराव स्वतः तिला शाळेच्या दारापर्यंत सोडून गेले.

त्या दिवसापासून असा पुठ्ठा मी दरवर्षी वर्गात कापते. 'खुद गिनो' म्हणणाऱ्याला भिऊ नका, मुलींनो. मोजा, आणि मग तुकडे उचलून खाली काय आहे तेही पाहा.