कुंकवाचा चक्रव्यूह

बाळंतपण अडलं की आमच्या गावात पितळी थाळीत कुंकवानं चक्रव्यूह काढतात. बाई त्या वाटेवरून बोट फिरवत मध्यापर्यंत जाते, तशीच बाहेर येते, मग ते कुंकू धुऊन पाणी पिते. माझी आई, बनुबाई, या कामात नावाजलेली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे आमच्या घरी या विषयावर खडाजंगी ठरलेली.

सकाळी माझ्या बायकोला, दिशाला, कळा सुरू झाल्या. आईनं थाळी पुढं केली. मी ती नळाखाली धरली. "पोरं काय रांगोळीनं जन्मतात?" म्हणालो, आईला घरीच ठेवलं आणि दिशाला सावेडीच्या दवाखान्यात आणलं.

दुपारी डॉक्टर म्हणाले, बाळाचे ठोके कमी होतायत, लगेच ऑपरेशन. मी सही केली. दार लागलं आणि माझी सगळी अक्कल गळून पडली. कॅन्टीनमधून स्टीलचं ताट मागून आणलं, काउंटरवरच्या गणपतीपुढचं कुंकू उचललं आणि जिन्यात बसून फोन लावला.

"आई, कसा काढायचा तो?"

टोमणा येईल वाटलं होतं. आला नाही. "मधी फुली काढ. तिच्या चार खनांत चार टिंबं दे. आता येकयेक टोक वळवून पुढच्याला जोड. घाई करू नको."

तीनदा चुकलो. दर वेळी वाट मधेच बंद. मी उघड उघड रडत होतो.

"यानं वाचतील ना गं दोघं?"

"तुझ्या मावशीच्या येळंला बी काढला हुता," आई म्हणाली. "ती ऱ्हायली न्हाई."

"मग काढतेस कशाला?"

"दाराभायेर बसल्यालं मानूस काय करील दुसरं? टेक बोट."

चौथ्यांदा वाट जुळली. वळसा, मागं, पुन्हा वळसा. वाट एकच, चुकायला फाटाच नाही. श्वास जरा ताळ्यावर आला.

दार उघडून रेबेका सिस्टर आल्या. मी बोट उचललं नाही, अर्धी वाट बाकी होती. त्या पायरीवर माझ्या शेजारी बसल्या, तेव्हाच समजलो.

"बाळ गेलं, सर. दिशा शुद्धीवर आलीय. बाळ रडलं का, एवढंच विचारतेय. आम्ही काही सांगितलं नाही."

फोन चालूच होता.

"ताट ठिव खाली," आई म्हणाली. "जा तिच्यापशी."