तळघरातले डिझेल

माझ्या धाकट्या दिरांना जगाचा अंत मान्य होता. अडचण मान्य नव्हती. अंतासाठी त्यांनी घराखाली तळघर खणून घेतले होते. स्वयंपाकघरालगतच्या कोठीत जमिनीत बसवलेले पोलादी झाकण, झाकणाला कुलूप, त्याखाली उभी लोखंडी शिडी, आणि शिडीच्या तळाशी धान्याचे डबे, पाण्याची पिंपे, डिझेलचे कॅन, विषारी वायूपासून वाचवणारे मुखवटे आणि एक जनरेटर. नोकरीने ते विमा कंपनीत जोखीम मोजणारे अधिकारी. परक्यांच्या गोदामाला आग लागण्याची शक्यता ते दशांशचिन्हापुढच्या आकड्यांपर्यंत सांगत. स्वतःच्या घराबाबत मात्र त्यांनी गणित सोडून भक्तिमार्ग धरला होता. आमचे सासरे, म्हणजे बाबा, त्यांना कप्तान म्हणत. कप्तानांना ती पदवी वाटे.

तयारीला माझा विरोध नव्हता. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांविषयी मला कधीही आदर वाटलेला नाही, आणि कॉलेजात इतिहास शिकवणारे माणूस इतपत तरी शिकतेच. माझी पिशवी दाराआड खिळ्याला टांगलेली असे: विजेरी, औषधे, कोरडा खाऊ, कागदपत्रांच्या प्रती. औषधांच्या तारखा मी अधूनमधून पाही, विजेरी पेटते की नाही तेही पाही. बाबांच्या फुप्फुसांनी असहकार पुकारल्यापासून त्यांच्या खाटेशी ऑक्सिजनचे यंत्र अखंड चाले. ते विजेवर चालते, म्हणून शेजारी एक भरलेले सिलिंडर. आणि सिलिंडरही संपले तर काय, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवले होते की वेळ पडली तर तुमच्या जनरेटरवर बाबांचे यंत्र लावू द्याल का. त्या हसून म्हणाल्या होत्या की प्लग काय, खुर्चीसुद्धा देते.

कप्तानांच्या दृष्टीने हा घरभेदीपणा होता. त्यांच्या शास्त्राप्रमाणे प्रसंग येताच सारी गल्ली आपल्या दारावर चालून येणार होती, आणि मी तिला आधीच निमंत्रण देऊन बसले होते. त्यातून याच डॉक्टरीणबाईंशी कुंपणाच्या भिंतीवर काचा रोवण्यावरून त्यांचे वाजलेले होते. माझ्या पिशवीला ते 'वहिनींची सहलीची पिशवी' म्हणत. थोरला मुलगा, म्हणजे माझा नवरा, गेल्यापासून बाबांचे सारे माझ्याकडे होते, आणि तळघराशी भांडायला मला सवड नव्हती.

सवड काढावी लागली ती कवायतीमुळे. दर महिन्याला कप्तान शिट्टी फुंकत; माझी जाऊ कपाळाला दिवा बांधून शिडी उतरे, मागोमाग मी, शेवटी कप्तान, आणि वर झाकण. पहिल्याच खेपेस मी खाली उभी राहून विचारले की या शिडीवरून बाबा कसे उतरणार.

"बाबा वरच राहतील," कप्तान म्हणाले. "अशा प्रसंगात मोजकीच माणसं वाचवता येतात, वहिनी. भावना जरा बाजूला ठेवायला शिका."

झाकण तेव्हा उघडेच होते आणि बाबा पलीकडच्या खोलीत जागे होते. यंत्राची घरघर चालू असली तरी आमच्या भिंती काही किल्ल्याच्या नव्हेत. त्या रात्री जेवताना बाबांनी कप्तानांना वाढून घ्यायला सांगितले, नेहमीपेक्षा थोड्या अधिक मायेने. पुढच्या कवायतीपासून शिट्टी झाली की मी बाबांच्या खाटेशी खुर्ची ओढून पेपर वाचत बसू लागले. कप्तान मला मृतांत धरून शिडी उतरत.

मग, जगाचा अंत न होता, नुसते वादळ आले.

झाडे पडली, खांब वाकले, तारा रस्त्यावर लोळू लागल्या. वीज गेली ती गेलीच. मी बाबांना सिलिंडरवर घेतले आणि रुग्णालयाला फोन केला. तिथून उत्तर मिळाले की रस्ते मोकळे झाल्याशिवाय गाडी येऊ शकत नाही, शिवाय इथे व्हरांड्यातही जागा उरलेली नाही. वीज मिळेल अशा ठिकाणी त्यांना ठेवता आले तर तेच उत्तम. म्हणून मी कप्तानांकडे जनरेटर मागितला.

त्यांनी माझ्याकडे अत्यंत संयमाने पाहिले, जसे धर्मग्रंथाचा अर्थ विचारायला आलेल्या अडाण्याकडे पाहावे. "हे ते नाही, वहिनी. ही नुसती वीज गेलीय."

आयुष्यभर मी वेढे आणि दुष्काळ वाचले आहेत, पण बाप गुदमरत असताना आपत्तीची पात्रता तपासणारा मुलगा माझ्या वाचनात नव्हता. वाद घालायला सिलिंडरमध्ये तेवढा वायू नव्हता. मी रस्त्यावर जाऊन चार माणसांना हाक मारली. समोरचा शिंपी आला, दूधवाला आला, आणखी दोघे आले, आणि त्यांनी बाबांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीसकट उचलून कोपऱ्यावर नेले. मागून मी सिलिंडर घेऊन आणि जाऊ यंत्र घेऊन चाललो होतो. ज्या जमावाच्या भीतीने आमच्या भिंतीवर काचा होत्या तो हा जमाव.

डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला. बाबांना त्यांनी दात काढायच्या खुर्चीत अर्धवट आडवे केले, वरचा मोठा दिवा बाजूला सारला आणि यंत्र लावून दिले. ओठांचा निळसरपणा ओसरल्यावर बाबांनी आजूबाजूला पाहिले.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते म्हणाले. "श्वास मात्र भरतोय. आणि सूनबाई, माझ्या तोंडात दात एक नाही बरं का. बाईंना आधीच सांग."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची बैठकीची खोली भरून गेली होती. कुणी फोन चार्ज करायला आले होते, कुणी दम्याच्या मुलीला वाफ द्यायला, कुणी नुसतेच, कारण तिथे माणसे होती. दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावून दार लोटले. डिझेल संपत आले होते. पेट्रोल पंपांना वीज नव्हती, त्यामुळे टाक्यांतले इंधन टाक्यांतच होते. ओढूनताणून संध्याकाळपर्यंत चालेल, त्या म्हणाल्या. बाकी सगळ्यांना बंद करून फक्त बाबांना ठेवले तर थोडे अधिक. त्यांनी मला काही मागितले नाही. तळघराविषयी त्यांना ठाऊक नव्हते. ते गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हते. तीच तर त्याची थोरवी होती.

मी घरी आले. कप्तान कोठीत झाकणावर स्टूल ठेवून रेडिओ ऐकत बसले होते. जाऊ ओट्याशी उभी होती. त्यांनी बाबांची चौकशी केली, आणि ती मनापासून केली, हे मला नमूद केलेच पाहिजे. वाईट माणूस असता तर माझे काम सोपे झाले असते. मी सांगितले की बाबांचा श्वास संध्याकाळपर्यंतचा आहे आणि त्यापुढचा तुमच्या स्टुलाखाली आहे.

ते बराच वेळ बोलले. आज एक कॅन बाहेर गेला की उद्या दारात रांग लागेल, परवा कुणी मागणार नाही, हिसकावून घेतील. शेवटी म्हणाले, "आणि उद्या खरंच काही झालं तर?"

"मग डिझेल देऊ नका," मी म्हणाले. "जनरेटर वर काढा. बाबांना घरी आणते. थेंबभरही बाहेर जाणार नाही."

हा प्रस्ताव त्यांच्या सिद्धान्ताशी पूर्ण सुसंगत होता. तरी ते रेडिओचे बटण पिळू लागले. उत्तर ओट्याकडून आले.

"तो वर येत नाही, ताई," जाऊ म्हणाली. "ह्यांनी सुटा सुटा करून खाली नेला आणि खाली जोडला. आता झाकणातून निघतच नाही. आणि खाली चालू केला तर धुरानं खालचीच माणसं मरतील. धुराडं बसवायचं राहिलंय."

"उन्हाळ्यात बसवणार होतो," कप्तान म्हणाले.

मला राग आला असे म्हणणे सौम्य होईल. ज्या हिशेबात बाबा वजा झाले होते त्याची बाकी शून्य होती. म्हाताऱ्याला वर सोडून खाली उतरलेली निवडक माणसे झाकण लावून, मुखवटे घालून, स्वतःच्या जनरेटरभोवती शिस्तीत मेली असती.

"उठा, भाऊजी."

"नाही उठलो तर?"

"तर चार माणसं आत बोलावते. ती तुम्हाला स्टुलासकट उचलतील. बाबांना नेऊन त्यांना सवय झालीय."

ते उठले. धमकीला भिऊन नव्हे. माणसे आत येतील आणि झाकण पाहतील या कल्पनेने. उठता उठता म्हणाले, "घरभेदी म्हणतात याला, वहिनी."

"होय. किल्ले भिंती पडून पडत नाहीत, आतून कुणीतरी दार उघडतं, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवते. प्रात्यक्षिक आजच घेतेय."

कुलपाची किल्ली त्यांनी दिली नाही. दुसरी जाऊच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती; आपण धारातीर्थी पडलो तर कारभार अडू नये म्हणून त्यांनीच दिलेली. तिने दोरा मानेवरून काढला, नवऱ्याच्या देखत कुलूप उघडले आणि मला म्हणाली, "तुम्ही वर थांबा. तुमचे गुडघे दुखतील. मी देते एकेक."

ती शिडीवर अर्धी उभी राहून कॅन वर ढकलत होती आणि मी ओढून घेत होते. कप्तान भिंतीला टेकून पाहत होते. मी दोन कॅन उचलून पुढच्या दाराकडे वळले तेव्हा ते माझ्यामागे आले. आवाज अगदी खाली गेला होता.

"निदान मागच्या दारानं न्या."

मी पुढच्या दाराने गेले. भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध, पडलेल्या फांद्या चुकवत. शिंप्याने मशीनवरून मान वर केली आणि हे कुठून मिळाले म्हणून विचारले. मी सावकाश, वर्गात बोलते तशा आवाजात, शेवटच्या घरापर्यंत जाईल असे सांगितले की आमच्या घराखाली तळघर आहे, त्यात डिझेल आहे, पाणी आहे, धान्य आहे, आणि त्याचे झाकण आत्ता उघडे आहे. मागे जाऊ पुढच्याच दारातून तिसरा कॅन घेऊन बाहेर पडली होती. कप्तान उंबऱ्यावर उभे होते. कुणी त्यांच्यावर चालून गेले नाही. शिंपी उठला आणि त्याने माझ्या हातातला एक कॅन घेतला.

डॉक्टरीणबाईंनी टाकी भरली. आत बाबा त्या खुर्चीत, नाकात नळी, डोळे उघडे.

"कुठून आणलंस गं?"

"आपल्या घरातून."

"माझ्या घरातून," बाबा म्हणाले. श्वास घ्यायला थांबले, पुरेसा घेतला. "मग उरलेलंही आण."