तरबूशवाल्याचा चेहरा

मादाम इंगींचं पत्र आलं तेव्हा वग्दीमास्तरांनी ते दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि उद्या उत्तर लिहू असं ठरवून टाकलं. त्याला आता तिसरं वर्ष संपत आलं होतं.

उत्तर लिहायला ते बसतच नसत असं नाही. बसत. पण सुरुवातीलाच उशिराबद्दल माफी मागणं भाग होतं, आणि माफीचं वाक्य मनासारखं जमेपर्यंत उशीर आणखी वाढलेला असे. मग ती माफी तोकडी वाटे आणि कागद टोपलीत जाई. तांता शहरातल्या शाळेचं ग्रंथालय सांभाळण्यात हयात गेलेल्या या माणसाला स्वतःच्या चार ओळींचा मात्र भरवसा नव्हता.

मादाम इंगी कैरोतल्या वकील. मजकूर त्यांनी सरळ लिहिला होता. मिठाईच्या 'तरबूशवाला' या छापाची मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही, दंड भरून मिळणारी वाढीव मुदतही टळली, म्हणून छाप सरकारी नोंदीतून निघाला आहे. तीन वर्षांपर्यंत तो फक्त जुन्या मालकालाच परत नोंदवता येतो. पुढे ज्याला हवा त्यानं उचलावा. जुने मालक आपण. सोबतच्या मुखत्यारपत्रावर सही करून पाठवावी.

मालक मास्तर होते ते वडिलांमुळे. थोरला फिक्री 'कागद हे कारकुनाचं काम' म्हणून पाकाच्या कढईपासून हलेना, तेव्हा वडिलांनी नोंदणी धाकट्याच्या नावावर करून टाकली. दुकान फिक्रीचं, नाव वग्दीचं. दुकान चालत होतं तोवर नावाची आठवण कुणाला आली नाही.

तांतात हरभऱ्याची आणि तिळाची वडी विकणारं प्रत्येक दुकान अस्सल असतं. प्रत्येकावर लिहिलेलं असतं, 'आमची दुसरी शाखा नाही'. ज्याला पहिलीच शाखा धड चालवता येत नाही तो हे सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहितो. फिक्रीच्या पाटीवर याखाली 'सरकारमान्य नोंदणीकृत' असंही होतं, आणि नोंदणी गेल्यावर त्यानं त्या अक्षरांना सोनेरी रंग दिला.

छापावर लाल तरबूश, म्हणजे गोंड्याची उंच टोपी घातलेला, भरघोस मिशांचा एक माणूस होता. अख्खं घराणं त्याला आजोबा म्हणे. खरे आजोबा टकले होते, मिशी त्यांना धड आलीच नाही, आणि तरबूश घालण्याची त्यांची ऐपत नव्हती. तो ठसा छापखानेवाल्यानं पहिल्या खोक्यांवर फुकट मारून दिला होता. वडिलांनी हे दोन्ही मुलांना सांगितलं होतं. फिक्री ते सोयीनं विसरला.

उरसाला महिना राहिला होता. सय्यद अल-बदवीच्या उरसात तांता वर्षाची मिठाई विकतं, आणि खेड्यांतून येणारी माणसं अक्षरं नाही, चेहरा बघून खोका उचलतात. अशा दिवसांत एका दुपारी शहाता मास्तरांच्या घरी आला. शहाता म्हणजे फिक्रीच्याच कढईवर शिकलेला आणि समोरच दुकान टाकलेला. त्याच्या हातात वडीचा खोका होता.

"मास्तर, तब्येत काय म्हणते? डोळे?"

"बरे आहेत."

"वाचन चालू ना? चालू द्या. तेच बरं." त्यानं खोका मेजावर सरकवला. "मी तुमच्याकडे काही मागायला आलेलो नाही हं. सही नको, शब्दही नको. या महिन्याअखेर तुमची तीन वर्षं संपतात. माझा अर्ज तयार आहे. तुम्ही फक्त काही करू नका."

मास्तर गप्प राहिले.

"हे बघा, असंच," शहाता हसला. "हे तुम्हाला सुरेख जमतं. अल्लानं एकेकाला एकेक कला दिलेली असते."

तो गेल्यावर मास्तर बराच वेळ खोक्याकडे बघत बसले. आपला अपमान झाला की खरं मोजमाप झालं, हे त्यांना ठरवता येईना. मग टोपी चढवून, मादाम इंगींचं पत्र मुखत्यारपत्रासकट खिशात घालून ते दुकानाकडे निघाले.

दुकानावर नवी पाटी चढत होती. तरबूश तोच, मिशा त्याच, पण मधला चेहरा फिक्रीचा होता. हजहून आल्यापासून त्याला आपला चेहरा फार आवडू लागला होता.

"बघ वग्दी, कसा दिसतोय?" फिक्रीनं वळून न बघताच विचारलं.

"हाजी, हे काय?"

"आजोबांना कोण ओळखतं आता? मला ओळखतात. खोकेही छापून आलेत."

मास्तरांनी घसा साफ केला. "शहाता छाप नोंदवून घेतोय. माझ्या सहीनं तो आपल्याला परत मिळेल."

"मग कर ना सही! एवढं सांगायला उन्हातून आलास? की पेन उचलायलाही माणूस लावून देऊ?" कामगार हसले. "आणि त्या वकीलबाईला लिही, माझा फोटो लाव म्हणावं."

"तसं होत नाही. परत मिळतो तो जुनाच चेहरा. तुमचा म्हणजे नवा अर्ज, शहाताच्या मागे रांगेत."

"माझ्या आजोबांच्या नावासाठी मी शहाताच्या मागे उभा राहू?"

"तो आजोबा नाही, हाजी. तो छापखान्यातला माणूस आहे. तुम्हाला ठाऊक आहे."

कामगारांचं हसणं थांबलं. फिक्री शिडीजवळ गेला आणि विनाकारण ती धरून उभा राहिला.

"आयुष्यभर गोंद आणि धूळ," तो हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वडिलांनी नाव दिलं तेही कुणाला, तर पाटी वाचणाऱ्याला. जा, तुझी पुस्तकं मोज. पाटी उतरणार नाही."

मास्तर घरी आले नाहीत. ते थेट नोंदणी कचेरीच्या रांगेत उभे राहिले, मुखत्यारपत्रावर सही केली आणि शिक्का मारून घेतला. कारकुनानं मानही वर केली नाही.

उत्तर त्यांनी टपाल कचेरीतल्या उतरत्या फळीवर, दोरीला बांधलेल्या पेनानं लिहिलं. माफीचं वाक्य या खेपेस सुचलंच नाही. 'मुखत्यारपत्र जोडलं आहे. छाप जुन्या चेहऱ्यासह परत नोंदवावा. तो नोंदला की हे नाव लावून दुसरा चेहरा विकणाऱ्या प्रत्येकाला माझ्या वतीनं नोटीस द्यावी. अपवाद नाही.'

शेवटचे दोन शब्द जास्त झाले, असं पाकीट चिकटवताना त्यांना वाटलं. सख्खा भाऊ. उरूस तोंडावर. खोके छापून आलेले. पाकीट परत फोडून तेवढे दोन शब्द खोडावेत का?

"रजिस्टर करायचंय ना?" खिडकीतल्या बाईंनी हात पुढे केला. मग चेहरा निरखला. "तुम्ही फिक्रीहाजींचे भाऊ ना? नव्या पाटीवर काय शोभतात हो! अगदी आजोबांवर गेलेत."

मास्तरांनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं.