शालूबाईंचं चालणं

जानेवारीत कृष्णातरावांच्या छातीत कळ आली आणि त्यांना स्टेंट बसवावा लागला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रोज चाळीस मिनिटं चालायचं, काका. गोळ्या चालू आहेत म्हणून चालणं सोडायचं नाही." ते बोलले कृष्णातरावांशी, पण ऐकून घेतलं शालूबाईंनी. घरात कुणाला काहीही सांगितलं तरी ते लक्षात ठेवायचं काम त्यांचंच होतं.

मग त्यांचा दिवस पाचाऐवजी साडेचारला सुरू व्हायला लागला. मुलगा उन्मेष आणि सून अदिती दोघंही नोकरीला. त्यांच्या डब्याची अर्धी तयारी करायची, पाणी भरायचं आणि मग नवऱ्याला उठवायचं. कृष्णातरावांनी एका सहकारी संस्थेत तीस वर्षं खुर्चीवर बसून काढलेली. "आज अंग जड हाय," म्हणत ते कूस बदलायचे. स्वेटर हातात देऊन, बूट पुढं सरकवून शालूबाई त्यांना सागरमाळावरच्या घरातून कशाबशा बाहेर काढायच्या. विद्यापीठाच्या आवारात दहा मिनिटं चाललं की शालूबाईंच्याच गुडघ्यात चमक यायची. आजारी हे पडले आणि शिक्षा मात्र मला, असं त्यांच्या मनात यायचं.

मार्च उजाडला आणि कृष्णातरावांनी सरळ सांगितलं, "तू जाऊन ये. मी जातो सांच्याला." संध्याकाळीही ते गेले नाहीत. शालूबाई दोन दिवस घरातच राहिल्या. तिसऱ्या दिवशी सवयीनं जाग आली, भाजी फोडणीला पडली आणि त्या एकट्याच बाहेर पडल्या. व्यायामाचं काही डोक्यात नव्हतं. घरात थांबलं की कुणीतरी काहीतरी मागणार, एवढंच त्यांना माहीत होतं.

विद्यापीठाच्या आवारात त्यांना बनाबाई भेटल्या. दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी करून रिटायर झालेल्या, बोलायला एकदम रोखठोक.

"चपला घालून चालताय व्हय? गुडघं काय दुसऱ्याचं हायत?"

"मला कशाला बूट? दिवसभर पायावरच असते की मी."

"दमणं येगळं आणि व्यायाम येगळा, बाई. ओट्यापाशी उभं राहून पाय सुजत्यात, काळीज बळकट हुत न्हाय. बोलता आलं पायजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या बेतानं चाला."

बनाबाईंनी त्यांना खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठायला आणि बसायला शिकवलं. त्यानं मांड्या घट्ट होतात आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो, म्हणाल्या. पहिले पंधरा दिवस शालूबाईंच्या मांड्या इतक्या भरून आल्या, की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. तरी त्या जात राहिल्या. मे महिन्यात कधीतरी ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर पोचल्या, आणि मधे कुठं टेकलोच नाही हे त्यांना वर गेल्यावर कळलं. थकवा होताच, पण रात्री पाठ टेकली की झोप लागायला लागली होती.

जुलैत तपासणीला गेले, तेव्हा कृष्णातरावांचं वजन चार किलोनं वाढलेलं, साखरही चढलेली.

"चालणं चालू आहे ना, काका?"

"रोज चालतो की," कृष्णातराव म्हणाले.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि गोळीचा डोस वाढवून लिहायला घेतला. शालूबाईंनी ते पेन सरकताना पाहिलं. पुढच्या गोळ्या काढून देणं, त्यांच्या वेळा सांभाळणं, सगळं परत आपल्याकडंच येणार.

"चालत न्हाईत ते," त्या म्हणाल्या. "मार्चपासनं घरातच हायत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मावशी, तुमचाही रक्तदाब बघू." जानेवारीत कृष्णातरावांसोबत त्यांचाही मोजला होता, तेव्हा तो चांगलाच वाढलेला होता. आता जवळजवळ नॉर्मल होता. डॉक्टरांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

घरी आल्यावर कृष्णातराव म्हणाले, "माझी अब्रू काढलीस डॉक्टरसमोर."

शालूबाई स्वयंपाकघरात फरशीवरच बसल्या. भांडायचं त्राण नव्हतं. "मी दमले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला रोज उठवून दमले. उद्यापासनं उठवणार न्हाय. यायचं तर या."

कृष्णातराव स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. मग हळू आवाजात म्हणाले, "भ्या वाटतं मला. चालताना धाप लागली की वाटतं, आली परत ती कळ."

इतके महिने ते हे मनात घेऊन बसले होते, आणि शालूबाई त्यांना आळशी समजत होत्या. त्यांना कीव यायला हवी होती, पण आला तो थकवाच. "हे डॉक्टरला सांगायचं हुतं की," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शालूबाईंनीच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी कृष्णातरावांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी केली. काळजीचं काही नाही म्हणाले, पण एकदम चाळीस मिनिटांवर जायचं नाही. दहापासून सुरू करून हळूहळू वाढवायचं. आणि छातीत दुखलं तर तिथंच थांबायचं, लपवायचं नाही. कृष्णातरावांनी मान डोलावली.

हे सगळं अदितीनं ऐकलं होतं. ती एका संध्याकाळी म्हणाली, "आई, सकाळचे डबे मी करते." आठवड्यातले चार दिवस ती करते. पोळ्या जाड होतात. उन्मेष मुकाट्यानं खातो.

आता सप्टेंबर चालू आहे. कृष्णातराव अठरा मिनिटांपर्यंत आलेत. आठवड्यातून दोन दिवस तरी ते पांघरुणातून बाहेर येत नाहीत. त्या दिवशी शालूबाई त्यांना हाक मारत नाहीत. बुटांच्या नाड्या बांधतात, दार ओढून घेतात आणि बनाबाईंना गाठायला जरा पाय उचलून चालतात.