जर्मनी, मुक्काम पोस्ट महाळुंगे

मिनल शेवटी जर्मनीला गेली. फक्त ही जर्मनी महाळुंग्यात होती, आणि तिथे जायला विमान नाही, भोसरीहून चाकणची बस लागायची.

झालं होतं असं. लेक मैत्री पोटात यायच्या आधी मिनल चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. पोरगी तीन वर्षांची झाली तसं तिने एम.टेक.ला नाव घातलं आणि त्याच भरात डबल डिग्रीचा कोर्स निवडला. एक वर्ष इथल्या कॉलेजात, दुसरं जर्मनीतल्या विद्यापीठात, आणि शेवटी दोन्हीकडची डिग्री. तेव्हा ते दुसरं वर्ष फार लांब होतं, आणि लांबच्या गोष्टींना हो म्हणण्यात मिनलचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता पहिलं वर्ष संपलं. तिकडून निवड झाल्याची मेल आली. पुढच्या सोमवारच्या आत 'येते' की 'येत नाही' ते कळवायचं होतं. 'येत नाही' म्हटलं, तर इथली एकच डिग्री घेऊन गप्प बसायचं.

काळेवाडीतल्या दोन खोल्यांत ती मेल मोठ्याने वाचली गेली. सासूबाई, म्हणजे सोजरबाई, लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "एकाच अभ्यासाच्या दोन डिग्र्या? एकावर एक फ्री हाय का काय?"

"तसंच समजा, आई."

"मंग घे की. बाबासाहेब बोटीनं गेलते शिकायला, तुला तर इमान हाय."

"एक माझी," मैत्रीने लगेच सांगून टाकलं. दोन वस्तू घरात आल्या की एक तिची, हा नियमच होता.

खरी अडचण तीच होती, मैत्री. चार वर्षांची झाली तरी आईच्या कानाची पाळी चोळल्याशिवाय तिला झोप येत नसे. वर्षभर कान जर्मनीत आणि पोरगी काळेवाडीत, हे कसं जमायचं? मिनलने ही शंका इतक्या वेळा, इतक्या प्रकारे बोलून दाखवली की नवरा वैतागला. नागसेन एका कारखान्यात सुपरवायझर होता.

"हे बघ," तो म्हणाला, "नवीन पार्ट आपण थेट लाइनवर घेतो का? आधी ट्रायल लॉट काढतो. पास झाला तर ओके, थोडा चुकला तर दुरुस्तीला, म्हणजे रिवर्कला, नाहीतर रिजेक्ट. तू आठवडाभर कुठेतरी जाऊन राहा. मैत्री राहते का बघू."

"आणि नाही राहिली तर?"

"तर रिजेक्ट. कळवून टाक, येत नाही म्हणून."

मिनलने चेहरा गंभीर केला, पण आतून तिला हायसं वाटलं. लॉट रिजेक्ट होणार, याची तिला खात्रीच होती. पोरगी दुसऱ्याच दिवशी रडून घर डोक्यावर घेणार, आणि मग 'मी तर निघाले होते हो, पण लेकरामुळे...' असं आयुष्यभर सुस्कारा टाकत सांगायला ती मोकळी होणार. भित्री म्हणवून घेण्यापेक्षा त्यागमूर्ती म्हणवून घेणं केव्हाही बरं.

जुनी मैत्रीण विजयश्री महाळुंग्यात खोली घेऊन राहायची. तिची रूम-पार्टनर गावी गेली होती, म्हणून एक कॉट रिकामी होती. मिनल आठवड्यासाठी मोठी बॅग भरून निघाली. आत स्वेटरही होता.

"महाळुंग्याला स्वेटर?" नागसेनने विचारलं.

"ट्रायल म्हणजे पूर्ण ट्रायल."

मैत्रीला सांगितलं की आपण जर्मनी-जर्मनी खेळतोय. आई दिसायची नाही, फक्त फोनमध्ये येणार. रोज रात्री आठला एकच फोन. तेव्हा खऱ्या जर्मनीत दुपारचे साडेचार वाजलेले असतात, हेही नागसेनने बजावलं. निघताना मिनलने सासूबाईंना दुधाच्या तापमानापासून खिडकीच्या कडीपर्यंत इतक्या सूचना दिल्या की सोजरबाईंनी हातच जोडले. "चार पोरं वाढवलीत म्या, बाय. त्यांतलाच एक तुला दिलाय."

पहिल्या रात्री फोन लागला. मिनलने आधी पोरगी पाहिली नाही, पोरीच्या मागचं घर पाहिलं. खिडकीची जाळी उघडी होती. फ्रॉकचं वरचं बटण दुसऱ्याच काजात होतं.

"आई, तिकडे बर्फ आहे?"

"आहे ना," मिनल घाम पुसत म्हणाली. तेवढ्यात खालून भोंगा लावलेला टेम्पो गेला: कांदे घ्या, बटाटे घ्या.

"जर्मनीत कांदे विकतात?"

"विकतात गं. माणसंच ती."

मैत्रीला ते पटलं. "बाय," म्हणून ती निघूनही गेली. फोनमध्ये उरला तो पंखा आणि सोजरबाईंचं अर्धं कपाळ.

पहिला दिवस आहे, उद्या रडेल, असं मिनलने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चौकात वडापाव खात उभी असताना एक टेम्पो कचकन थांबला. काळेवाडीत शेजारी राहणारा किसन कंपनीत माल टाकून परत निघाला होता.

"वहिनी! तुम्ही जर्मनीत ना?"

मिनलने घास गिळला. "हीच जर्मनी, किसनभाऊ."

"बरंय की. मिरची तरी मिळते." किसनने टेम्पो सुरू केला. "येताना चॉकलेट आणा!"

रात्रीच्या फोनपर्यंत तो वडापाव सगळ्या काळेवाडीला माहीत झाला होता. पण मिनलला त्याचं काही वाटलं नाही, कारण फोनवर तिला त्याहून भलतंच काही दिसलं. मैत्री सोजरबाईंच्या मांडीवर रेलली होती, डोळे जड झाले होते, आणि तिचा हात आज्जीच्या कानाच्या पाळीवर होता. चोळत होती. निवांत.

"माझा कान!" मिनलच्या तोंडून निघून गेलं.

"हायेत की दोन," सोजरबाई म्हणाल्या. "आन् माझेबी दोन."

सकाळी मिनलने बॅगेतून पिवळी ओढणी काढली. विजयश्री नाइट शिफ्टवरून नुकतीच आली होती, दात घासत दारात उभी होती.

"कुठे निघालीस?"

"लायब्ररीत."

"काळेवाडीच्या?"

मिनलने ओढणी तोंडाला गुंडाळून बघितली.

"जा बाई. पण नागसेनला कळलं तर तुझा व्हिसा रद्द."

चाकणच्या तळेगाव चौकात गाड्या अशा अडकल्या होत्या की खऱ्या जर्मनीहून एखादा तेवढ्या वेळात मुंबईला उतरला असता. तरी बालवाडी सुटायच्या वेळेला मिनल पोहोचली. ओढणी नाकावर ओढून ती उसाच्या रसाच्या गाड्याआड उभी राहिली. आमच्या भागात निम्म्या बायका स्कूटरवरून अशाच तोंड बांधून फिरतात, त्यामुळे आपण कोणाला ओळखू येणार नाही, असा तिचा हिशेब होता. क्वालिटीतल्या माणसाचा हिशेब.

मैत्री बाहेर आली. आज्जीचा हात धरून, एका पायावर उड्या मारत. एक वेणी वर, एक खाली. गालावर अश्रू नाहीत, अश्रूंचा डागही नाही. रडत असेल तर बघावं म्हणून दोन बस बदलून आलेली मिनल, ती रडत नाही हे बघून स्वतःच रडायला लागली.

सोजरबाई कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी घासाघीस करत थांबल्या. मैत्री इकडेतिकडे बघत होती. तिची नजर पिवळ्या ओढणीवर येऊन थांबली. मिनलने सगळे नियम विसरून गुडघे टेकले आणि हात पसरले.

मैत्री धावत आली, पण मिठीत शिरली नाही. कंबरेवर हात ठेवून कुजबुजली, "आई, तू दिसायचं नाहीयेस."

"हो गं, पण..."

"तू जर्मनीत आहेस."

"एक पापा दे ना."

"फोनमध्ये. आठ वाजता." नाक पुसता पुसता मिनलची ओढणी खाली घसरली होती. मैत्रीने ती दोन्ही हातांनी धरली आणि नीट आईच्या नाकावर ओढून दिली. "आता नाही दिसत," असं म्हणून ती पळाली.

सोजरबाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. भाजीवालीलाच त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, "काय गं, जर्मनीची बस त्या कोपऱ्यावरनं सुटती ना?"

मिनल त्या कोपऱ्याकडे चालू लागली. बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, आणि चाकण येईपर्यंत तिच्याकडे एकही सबब उरली नव्हती. मैत्री राहत नाही, हे आता कोणाला सांगणार? नाक्यानाक्यावर ती नवीन काहीतरी शोधायची आणि पुढच्या नाक्यावर त्याचं तिचं तिलाच हसू यायचं.

रात्री आठला फोन तिनेच लावला. मैत्रीने फोन अगदी तोंडाजवळ धरला होता, त्यामुळे फक्त दात दिसत होते.

"आई, आज शाळेपाशी तुझ्यासारखी एक बाई आली होती."

"हो?" मिनलने फोन जरा लांब धरला. "काय करत होती?"

"रडत होती. मोठी असून."

"अरे अरे. मग तू काय सांगितलंस तिला?"

"काही नाही. तिची ओढणी नीट केली." मैत्रीने जरा विचार केला. "तू माझी डिग्री आणायला विसरू नको. लाल रंगाची."

मागून कोणीतरी खोकलं. ते सोजरबाईंचं हसू होतं.

फोन ठेवल्यावर मिनलने ती मेल उघडली. 'येते' असं इंग्रजीत दोन ओळींत लिहिलं, स्पेलिंग तपासलं, पुन्हा तपासलं, विजयश्रीकडूनही तपासून घेतलं.

"पाठव गं आता," विजयश्री म्हणाली. "तपासता तपासता सोमवार उजाडवतेस का?"

मिनलने पाठवलं. मग नागसेनला मेसेज केला: 'पार्ट ओके. कळवलं.'

त्याचा अंगठा आला. त्यामागून प्रश्न: 'आणि आज बालवाडीपाशी जो पार्ट सापडला, त्याचं काय?'

म्हणजे आईंनी सांगितलंच होतं. मिनलचा हात नकळत स्वतःच्या कानाच्या पाळीकडे गेला. ती चोळत थोडा वेळ बसली. झोप काही येईना, तेव्हा तिने उत्तर लिहिलं:

'तो रिवर्कला. आठवडा संपेपर्यंत महाळुंग्यातच.'