डायनासोरची छाती

माझी मेहुणी डॉक्टर आहे, एक्स-रे आणि स्कॅन वाचणारी. हे ती कुणाला विसरू देत नाही. घरी आली की आधी माझ्या खोकल्याची चौकशी, मग मास्कवरून हजेरी. मी संग्रहालयात डायनासोरच्या हाडांवरचा दगड काढतो. छोटं ड्रिल, ब्रश आणि दिवसभर धूळ. मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते, आणि वाफ धरली की हाडाची वाट लागते. कितीदा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ.

त्या महिन्यात एका डायनासोरच्या दोन्ही नडग्या माझ्या टेबलावर होत्या. दोन्हींवर खरखरीत पापुद्रा. माझ्या मते चिकटलेला दगड. घासायचा आणि मोकळं व्हायचं. संचालकबाईंनी मात्र हात धरला. "आधी खात्री करा. आजारसुद्धा असू शकतो."

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी काय गोट्या खेळत होतो? म्हटलं, घरातच डॉक्टर आहे, तिच्याच तोंडून वदवून घेतो.

मेहुणीने सुट्टीच्या दिवशी हॉस्पिटलमधलं स्कॅनचं मशीन रिकामं असताना बोलावलं. बायकोही आली, भांडण झालं तर सोडवायला. टेक्निशियनने दोन्ही नडग्या मशीनमध्ये सरकवल्या आणि पडद्यावर त्यांचे काप दिसू लागले.

"भाऊजी, हरलात," मेहुणी म्हणाली. "दगड नाहीये हा. खाली मूळ हाड शाबूत आहे, आणि त्याच्यावर नव्या हाडाचा थर चढलाय."

"पाय मोडला असेल."

"दोन्ही? आणि अगदी सारखे? दुखणं पायात नसावंच. फुप्फुसात काही बिघडलं की कधीकधी हातापायांच्या हाडांवर असा थर चढतो. माणसांतही होतं. या बिचाऱ्याची छाती बघायला हवी होती."

"फासळ्या सापडल्याच नाहीत." हार मानवत नव्हती, म्हणून मी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि ही रेघ? ही तर मातीच आहे."

मेहुणी रेघ बघेना. माझं बोटच बघत राहिली.

"नखं कधीपासून अशी आहेत?"

नखं फुगीर झाली होती खरी, बोटांची टोकंही जाडसर. ड्रिल धरून धरून होतं तसं, असा माझा समज.

तिने माझ्या दोन हातांची दोन नखं पाठीला पाठ लावून दिव्यासमोर धरली. मग बायकोची धरली. बायकोच्या नखांच्या मुळाशी उजेडाची बारीक फट दिसत होती. माझ्या नखांत काहीच नाही.

"ती हाडं उतरवा," ती टेक्निशियनला म्हणाली. "भाऊजी, तुम्ही झोपा तिथे. फुप्फुसात बिघाड असला की नखंही अशी फुगतात." आवाजात थट्टा नव्हती. बायकोने माझा चष्मा काढून घेतला.

उजव्या फुप्फुसात गाठ निघाली. कॅन्सरचीच, पण लहान, कुठे न पसरलेली. सर्जननी ती काढली. आणखी काही महिने गेले असते तर हात टेकावे लागले असते, म्हणाले.

पडल्यापडल्या मी सगळ्यांचे आभार मानत होतो. सर्वांत आधी संचालकबाईंचे. त्यांनी हात धरला नसता तर मी तो पापुद्रा घासून टाकला असता, मग स्कॅन कशाला आणि मेहुणी कशाला! आणि त्या जनावराचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते कुठेतरी धापा टाकत कोसळलं असेल, त्याची छाती बघणारं कुणी नव्हतं. त्याचे आभार कसे मानतात, ते मात्र मला कळेना.

घरी आल्यावर मेहुणी भेटायला आली, ती स्टेथोस्कोप घेऊनच. खरं तर ते तिचं काम नव्हे. मी जुळवून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली. "तुझ्यामुळे मी..." तिने ते पुरं होऊच दिलं नाही. एरवी तिने एखादा टोमणा मारला असता, आज मारला नाही. माझ्या मागे जाऊन तिने पाठीला स्टेथोस्कोप लावला.

"दीर्घ श्वास घ्या."

घेतला. पुरता आत गेला.

"आणखी एक."

तोही घेतला. तिचं ऐकून कधीच झालं होतं, मला कळत होतं. तरी ती 'आणखी एक' म्हणत राहिली, आणि मी घेत राहिलो.